मामाची सॅक

"श्वास सोड," आई म्हणाली. "पूर्ण सोड. आता पट्टा ओढते. काचतंय का?"

"नाही काकू."

"मग एक उडी मार बघू."

समिधाने उडी मारली. आमच्या पुढच्या खोलीतलं शोकेस खुळखुळलं, आतला काचेचा हंस शेजारच्या कपावर जाऊन टेकला, आणि कॉटवर बसून चिवड्यातले शेंगदाणे वेचत मी मनात म्हटलं, तुटू दे. आत्ता, इथं, टर्रकन तुटू दे तो पट्टा.

पट्टा कसला तुटतोय. उलट आई दोन पावलं मागे सरली, मान तिरकी करून समिधाकडे बघत राहिली, आणि असं काही हसली की माझ्या तोंडातला शेंगदाणा खवट लागला.

"शोभतेस हं," ती म्हणाली. "पाठ सरळ आहे तुझी. सगळ्यांची नसते."

माझी पाठ मी लगेच सरळ केली. कुणी बघितलं नाही.

आता मी बारावीत आहे. गॅदरिंगचं सूत्रसंचालन करते, प्राचार्यांना 'सर, तुमचं भाषण जरा आवरतं घ्या' असं हसत हसत सांगू शकते, आणि अकरावीच्या मुली मला 'ताई, तुम्हाला भीती कशी नाही हो वाटत' असं विचारतात. पण आठवीत माझं शाळेतलं नाव रेवती नव्हतंच. 'रिटर्न तिकीट' होतं. सहावीत आमची सहल समुद्राकाठी मुक्कामाला गेली होती, तिथं जेवणं झाल्यावर मी अशी काही रडायला लागले, की बाबांना मित्राची जीप काढून मला न्यायला यावं लागलं. सातवीत मी सहलीला गेलेच नाही. तेव्हापासून वर्गात नुसतं 'सहल' म्हटलं, की मागच्या बाकावरून कुणीतरी "जाऊन-येऊन एक!" असं कंडक्टरच्या आवाजात ओरडायचं.

म्हणून आठवीतलं निसर्ग शिबिर जाहीर झालं, तेव्हा मी घरी येऊन दप्तर टाकायच्या आधी सांगून टाकलं होतं, "मी जाणार. राहणार. आणि कुणी न्यायला यायचं नाही." धरणाच्या पलीकडे देवराईजवळ तंबूत एक रात्र काढायची, सकाळी डोंगर चढायचा आणि संध्याकाळी परत. एकच रात्र! ती मला एकटीने, आईशिवाय, न रडता काढायची होती, आणि ते नाव धुऊन टाकायचं होतं. त्या आठवड्यात मला जगात दुसरं काही नको होतं.

म्हणजे रविवारी दुपारपर्यंत तरी नको होतं.

रविवारी दुपारी समिधा थोरात आली. माझी जिवाभावाची मैत्रीण, दोन गल्ल्या सोडून राहणारी. तिच्या घरी चार भावंडं आणि चौघांत मिळून एक बॅग. तीही तिचा मोठा भाऊ कोल्हापूरला घेऊन गेलेला. "काकू, तुमच्याकडे जुनीपानी पिशवी आहे का?" एवढंच तिने विचारलं. आणि माझी आई, जी माळ्यावरचा डबा काढायला सुद्धा बाबांची वाट बघते, ती स्टूल घेऊन स्वतः चढली आणि मामाची सॅक घेऊन खाली उतरली.

मामाची सॅक आमच्या माळ्यावर मी जन्मायच्या आधीपासून होती. कधीकाळी हिरवी असावी, आता राखाडी. मागे अॅल्युमिनियमच्या नळ्या, बाजूला खिसे, खिशांना बकलं, आणि कमरेला बांधायचा हा एवढा रुंद पट्टा. आईने ती झटकली, ओल्या फडक्याने पुसली, आणि मग दोघी जमिनीवर फतकल मारून बसल्या ते बसल्याच.

"आधी काय भरशील?"

"कपडे?"

"चूक. जे रात्री सगळ्यात शेवटी लागणार, ते सगळ्यात खाली. चादर नि शाल. कपड्यांच्या घड्या नाही घालायच्या, सुरळ्या करायच्या. हं, अशी. घट्ट. चपातीत भाजी गुंडाळतो ना, तशी."

"काकू, ही झाली?"

"वा! बघ किती पटकन हात बसला तुझा."

माझी बॅग कॉटच्या खाली भरून तयार होती. आत्याने पुण्याहून आणलेली, गुलाबी, चाकांची, वर फुलपाखरू. सकाळी मी ती एकटीने भरली होती. भरली म्हणजे चेन उघडून कोंबली होती. आईने येऊन फक्त विचारलं होतं, "स्वेटर घेतलास?" झालं! आमच्या वाट्याला एक स्वेटर. आणि इथं सुरळ्या काय, चपात्या काय!

"आई," मी म्हटलं, "माझ्या बॅगेत पण बघ ना."

"तुझी भरून झाली ना?"

"हो."

"मग?"

मी कॉटवरून उतरले आणि त्यांच्यापासून जरा लांब, पण सगळं दिसेल अशी, भिंतीला टेकून बसले.

"जड वस्तू पाठीला चिकटून ठेवायच्या," आई सांगत होती. "बाटली, डबा. लांब ठेवल्या तर त्या तुला मागे ओढतात. मग माणूस वाकून चालायला लागतं, नि वाकलं की दमतं. ताटलीवर वाटी, वाटीत मोजे. रिकामी जागा म्हणून सोडायची नाही. टॉर्च दे."

समिधाने टॉर्च दिला. आईने त्याचं मागचं झाकण फिरवून एक सेल काढला आणि उलटा घातला.

"हे का?" समिधाने विचारलं. मलाही विचारायचं होतं, पण मी दातांनी नख धरून ठेवलं होतं.

"सॅकेत काहीतरी लागून बटण दाबलं जातं. पोचेपर्यंत सेल संपलेला. तिथं गेल्यावर सुलटा घालायचा."

"काकू, तुम्हाला हे सगळं कसं येतं?"

आईच्या तोंडात सेफ्टीपिना होत्या. ती साड्यांना पिको-फॉल करते, त्यामुळे टाचण्या आणि पिना तिच्या ओठांतच राहतात. तिने त्यातली एक काढून पट्ट्याला अडकवली.

"भावाचं बघून," ती म्हणाली.

"तो मामा?" मी भिंतीपासून म्हटलं. "आपल्या जिन्याला 'अरे बापरे' म्हणतो तो?"

"वय झालं आता त्याचं," आई म्हणाली, आणि समिधाच्या कपाळावर आलेली बट तिने कानामागे सारली.

ती बट! ती सारायची तिची एक तऱ्हा आहे. करंगळीने, हळूच, जणू ओल्या पानावरचं फुलपाखरू उचलतेय. ती तऱ्हा माझी होती. माझ्या एकटीच्या कपाळासाठी होती. मी उठून मोरीत गेले आणि उगाचच नळ सोडून पाय धुतले.

परत येऊन चिवडा घेऊन कॉटवर बसले तेव्हा समिधा सॅक चढवून उड्या मारत होती. ते तुम्हाला सांगितलंच आहे.

"आई," न राहवून मी शेवटी म्हणाले, "ही सॅक मला पण चालली असती."

आईने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, खरंच नवल वाटल्यासारखं. "तू कधी मागितलीस? दिवाळीत माळा साफ करताना तूच म्हणालीस, ई, मामाची घाणेरडी पिशवी, भंगारात द्या."

"तेव्हा ती घाणेरडीच होती."

"मग आता?"

समिधा चटकन पट्टे सोडायला लागली. "रेवू, तू घे ना. मी तुझी चाकांची नेते. मला काय!"

आता तिने इतकं चांगलं वागायची काही गरज होती का? भांडली असती तर किती बरं झालं असतं!

"नको," मी म्हटलं. "मला फुलपाखराचीच आवडते."

जाताना आईने सॅक पुन्हा उलटीसुलटी बघितली आणि म्हणाली, "डाव्या खांद्याची शिवण उसवतेय. इथंच राहू दे. मशीनवर मारते नि सकाळी बसपाशी आणून देते." समिधा "थँक्यू काकू, थँक्यू काकू" करत गेली. मी तिला दारापर्यंत सुद्धा सोडायला गेले नाही.

बाबांची रविवारी पण ड्युटी होती. ते साखर कारखान्याच्या लॅबमध्ये आहेत, आणि गाळपाचा हंगाम सुरू झाला की आम्हाला वडील फक्त झोपलेले दिसतात. त्यामुळे संध्याकाळी घरात मी, आई आणि ती भरलेली सॅक. मी आईशी बोलत नव्हते. आईला ते कळलंच नव्हतं, त्यामुळे मी आणखी जोरात बोलत नव्हते. थोड्या वेळाने शिलाई मशीनचा आवाज थांबला. बराच वेळ काही हालचाल नाही. दोरीवरचे कपडे आणायला म्हणून मी गच्चीवर गेले.

आई तिथं होती. अंगात गाऊन, गाऊनवर ओढणी, पायात बाबांचे कारखान्याचे जुने बूट, आणि पाठीवर सॅक. पूर्ण भरलेली. कमरेचा पट्टा आवळलेला. ती गच्चीच्या कडेकडेने चालत होती. पाण्याच्या टाकीला वळसा, डिश अँटेनाला वळसा, परत टाकी. आमच्याकडे बाजारात जाताना ती कशी चालते मला माहीत आहे: भराभर, मान खाली, पिशव्या सांभाळत. हे चालणं वेगळंच होतं. लांब ढांगा, हात मोकळे, आणि नजर सरळ समोर. समोर होतं काय, तर पवारांच्या घराची भिंत! पण ती तिकडे अशी बघत होती की मी सुद्धा वळून भिंतीकडे बघितलं.

मग तिला मी दिसले.

"शिवण टिकते का बघत होते," ती म्हणाली. श्वास लागला होता, पण दमल्यासारखा नाही.

"बाबांच्या बुटांची पण शिवण बघत होतीस?"

ती एकदम हसली. शाळेतल्या मुलीसारखं, तोंडावर हात घेऊन. मला पण हसू आलं, पण मी ते गिळलं, कारण मी अजून रागावलेली होते.

"मामा असाच चालायचा का?" मी विचारलं.

"सुधीर? अजिंक्यताऱ्याच्या पहिल्या वळणावरून परत आलेला माणूस तो! बूट चावतात म्हणे." आणि मग, बोलून गेल्यावर, तिच्या लक्षात आलं.

मी कपडे तसेच सोडले. "मग ही सॅक कुणाची?"

आईने पट्टा सोडला नाही. ती सॅकेसकट गच्चीच्या कठड्याला टेकली.

"माझी," ती म्हणाली. "कॉलेजला असताना घेतली. साताऱ्यात आमचा ग्रुप होता. सुट्टी लागली की एक किल्ला. माझे केस बॉयकट होते तेव्हा."

"तुझे?"

"हो. आणि सगळे मला पुढे चालायला लावायचे. वाट सापडायची मला." हे तिने असं सांगितलं, की जणू ती शेजारच्या कुणाबद्दल सांगतेय.

"मग मामाची का म्हणता सगळे?"

"एका रविवारी आम्ही चार दिवसांसाठी निघणार होतो. डोंगराच्या धारेने चालत. शनिवारी मी सॅक भरली, आणि संध्याकाळी निरोप आला, मुलाकडचे उद्या बघायला येतायत. तुझे अण्णा आजोबा म्हणाले, डोंगर कुठं पळून जात नाहीत, स्थळ जाईल." तिने खांद्यावरचा पट्टा सारखा केला. "आले. तुझे बाबा, त्यांचे काका, आत्या. मी पोहे घेऊन बाहेर आले, आणि दाराआड ही उभी. भरलेली. वर बूट बांधलेले. काकांनी विचारलं, हे काय, सैन्यात आहे का कोणी? तर अण्णा म्हणाले, आमच्या सुधीरची आहे, त्याला हौस."

"आणि तू?"

"मी ट्रे धरून उभी होते गं. मनात आलं, ट्रे खाली ठेवावा आणि सांगावं, माझी आहे. पण पोहे गार होत होते."

"मग?"

"मग काय. लिंबू राहिलं होतं, ते पिळलं."

खाली पवारांच्या घरात कुणीतरी कुकर लावला होता. आई सॅकेचं बकल उघडून मिटत होती, उघडून मिटत होती.

"लग्नानंतर ही इथं आली, ती 'मामाची' होऊनच आली. एकदा म्हटलेलं पुन्हा कोण बदलत बसणार?"

मला खरं तर आईची दया यायला हवी होती. गोष्टींतल्या मुलींना येते. मला आला हेवा. समिधाचा नाही, ती बिचारी एकदम लहानच झाली. मला त्या बॉयकटवालीचा हेवा वाटला. जिला वाट सापडायची. जिच्या जगात मी नव्हते, बाबा नव्हते, पिको-फॉल नव्हतं, आणि तरी ती इतकी खूश होती की इतक्या वर्षांनी गच्चीवर नुसत्या फेऱ्या मारून तिचा चेहरा असा होत होता. माझ्याकडे बघून तो कधी असा झाला होता का? मी आठवून बघितलं. मला आठवेना.

"चल, पोळ्या राहिल्यात," आई म्हणाली आणि सॅक उतरवली. उतरवताना तिने ती आधी गुडघ्यावर घेतली आणि मग अलगद जमिनीवर टेकवली. "आणि उद्या फोनसुद्धा करू नकोस मला. राहणार म्हणालीस ना, मग राहणारच आहेस तू. मला माहीत आहे."

सकाळी शाळेच्या मैदानात धुकं होतं आणि धुक्यात एसटी. मुलं, बॅगा, मफलर, आया, आयांचे डबे. आई सॅक घेऊन आली होती. समिधाच्या पाठीवर चढवण्याआधी ती पट्टे पुन्हा लांब-आखूड करत बसली होती. मी फुलपाखरू ओढत बसच्या दारापाशी सगळ्यांच्या आधी उभी. मागून कुणीतरी ओरडलंच, "चला, जाऊन-येऊन एक!" मी वळले सुद्धा नाही.

तेवढ्यात खेळाचे लोखंडे सर फोन खिशात घालत आले. चेहरा पडलेला.

"ऐका रे! गुरव बाईंना कांजिण्या आल्यात."

मुलं हसली. मुलींना मात्र लगेच कळलं. शिबिराला येणाऱ्या त्या एकट्याच बाई. बाकीच्या बाई दहावीच्या सराव परीक्षेत अडकलेल्या.

"बाईमाणूस सोबत असल्याशिवाय मुलींना नेता येणार नाही," सर म्हणाले. "मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, एखादी आई येत असेल तर चालेल. नाहीतर मुलींचं शिबिर रद्द. मुलगे जातील."

एकदम कालवा! "असं कसं सर?" "आम्ही पैसे नाही भरलेत?" मुलगे खिडकीतून टाटा करायला लागले. सर आयांच्या घोळक्याकडे गेले. एकीची सासू आजारी, एकीला तंबूत पाल चालत नाही, एक नुसतीच पदराचं टोक चावत "ह्यांना विचारावं लागेल" म्हणाली.

समिधाने माझं मनगट धरलं. "रेवू, काकूंना सांग ना."

"नाही."

"अगं, पण त्यांना सगळं येतं!"

"समिधा, नाही म्हटलं ना!"

तिला काय माहीत? आई बसमध्ये चढली, की माझं शिबिर संपलं. मग मी रात्र काढली काय, डोंगर चढले काय, सगळे म्हणणार, आईला घेऊन आली होती. दहावीपर्यंत म्हणणार. रद्द झालं तर निदान 'रद्द झालं' म्हणता येईल! मी आईकडे बघितलं. ती आयांच्या मागे उभी होती, आणि आपल्या चपलांकडे बघत होती.

"वहिनी, तुम्ही?" लोखंडे सरांनी तिला विचारलं.

तिने मान वर केली. आधी माझ्याकडे बघितलं. एवढंसं. मग सरांकडे.

"छे हो सर," ती म्हणाली. "लग्नसराई आहे. मशीनवर साड्यांचा ढीग पडलाय. लोकांना तारखा दिल्यात. कशी येऊ?"

सरांनी मान डोलवली आणि पुढच्या आईकडे वळले. त्यांना पटलं. पुरुषाला पटण्यासारखंच होतं.

पण पौष चालू होता. पौषात कुणाच्या घरी लग्न असतं? संक्रांत होऊन माघ लागेपर्यंत आमच्याकडे पिकोला एक साडी येत नाही. आठवडाभर आमची मशीन झाकून ठेवलेली, काल उघडली ती फक्त सॅकेसाठी. आई धडधडीत खोटं बोलत होती, सगळ्या गावासमोर, आणि इतक्या सहज. मला वाटलं, अशीच ती तेव्हा ट्रे धरून उभी असणार.

"सर!" मी ओरडले. आवाज असा फुटला की बसमधला ड्रायव्हर सुद्धा बघायला लागला. "सर, पौष आहे! पौषात कसली लग्नसराई? आईकडे एक पण साडी नाही. ती येऊ शकते!"

"रेवती!" आई म्हणाली.

"आणि तिला सगळं येतं. तंबू, सॅक, वाट, सगळं. ती डोंगर चढायची. पुढे चालायची!"

घोळक्यातल्या बायका आधी आईकडे बघायला लागल्या, मग बोटांवर महिने मोजायला लागल्या, आणि मग त्यातली एक फिस्सकन हसली. "अगं बाई, पौषच की!" मग सगळ्याच. आईचे कान लाल झाले. आणि बसच्या खिडकीतून अर्थातच आलं, "रिटर्न तिकीट, आईसकट!"

ते यायचंच होतं. आलं. डोळ्यांत पाणी आलं होतं, पण धुकं होतं ना.

आईने माझा दंड धरून मला बाजूला घेतलं. "अगं तुला एकटीला जायचं होतं."

"हो."

"मग?"

मी तिच्या पर्समधून फोन काढला आणि बाबांना लावला. मागे कारखान्याची घरघर.

"बाबा, आई आमच्याबरोबर शिबिराला चाललीय. उद्या संध्याकाळी येऊ. डबा कँटीनचा खा."

"आई? डोंगरावर? अगं, तिला झेपेल का?"

"बाबा, ती सॅक मामाची नाहीये."

बाबा म्हणाले, "माहीत आहे मला."

"काय?"

"सॅकेवर बूट बांधले होते गं. पाच नंबरचे. सुधीरचा पाय नऊचा. पोहे खाता खाता तेवढंच बघत होतो मी."

"मग कधी बोललात का नाही?"

"तिने सांगितलं नाही. म्हटलं, तिला आवडत नसेल." मग म्हणाले, "तिला सांग, माझे बूट मोठे होतील. तिचे माझ्या कपाटात खालच्या खणात आहेत. तिने टाकायला काढले होते, मी गुपचूप ठेवून दिले."

आई घरी जाऊन अर्ध्या तासात परत आली. सलवार-कमीज, वेणी घट्ट वर बांधलेली, पायात तडे गेलेले तपकिरी बूट. तोवर मी समिधाला म्हटलं होतं, "सॅक रिकामी कर."

"आणि माझं सामान?"

"फुलपाखरात."

"मावेल?"

"सुरळ्या आहेत ना तुझ्या? मावेल."

दोघींचं सामान फुलपाखरात गेलं. चेन लागेना म्हणून समिधा वर बसली आणि मी ओढली. आईने ते बघितलं, रिकामी सॅक बघितली, आणि आपले कपडे भरायला लागली. चादर सगळ्यात खाली.

चाकांच्या बॅगेबद्दल एकच सांगते: डोंगराच्या वाटेवर चाकं नुसती शोभेची असतात. एसटीने सोडलं तिथून तंबूंपर्यंत समिधा आणि मी ती गुलाबी बया दोन्हीकडून धरून पालखीसारखी नेली, आणि दर दहा पावलांनी हसून खाली ठेवली. ओढ्यात एक चाक गेलं ते गेलंच.

आणि आई? आई माझी उरली नाही. तंबूची दोरी कशी ताणायची म्हणून मुली तिच्याभोवती, चुलीला वारा कुठून घ्यायचा म्हणून मुलगे तिच्याभोवती. "काकू, हे बघा." "काकू, इकडे या ना." लोखंडे सर सुद्धा "वहिनी, काय वाटतं तुम्हाला?" तिने दिवसभरात मला एकदाही विचारलं नाही, जेवलीस का, थंडी वाजते का. मला कुणाकुणाचा हेवा करू असं झालं. रात्री ती दुसऱ्या मुलींच्या तंबूत झोपली, आमच्यापासून लांब. रात्रीचं काही सांगत नाही. राहिले, एवढंच.

सकाळी डोंगर. आई सगळ्यांत पुढे. खिंडीपाशी दोन वाटा फुटल्या, तिथं सर थांबले. आई थांबली नाही. तिने जरा मान वर करून बघितलं, आणि उजवीकडे वळली. वरून तिचा आवाज आला, "या! इकडून या!" तो आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. तो घरात मावलाच नसता.

आम्ही पोचलो तेव्हा ती माथ्यावर एका कातळावर बसली होती. आमच्याकडे पाठ. सॅक अजून पाठीवरच. समोर डोंगराच्या धारा एकामागे एक, निळ्या, मग फिकट निळ्या, मग नुसत्या असल्यासारख्या. ती डावीकडून उजवीकडे मान फिरवत होती. हळूहळू. कुणीतरी वर्ग भरल्यावर हजेरी घेतं, तशी.

"काकूंना हाक मार ना," समिधा धापा टाकत म्हणाली. "सगळ्यांचा फोटो काढायचाय."

मुलं पाठोपाठ वर येत होती. सर मोबाइल काढत होते. मी एकदा "आई" म्हटलं असतं, तर ती पहिल्या हाकेला वळली असती. वाऱ्यात, गोंगाटात, कितीही लांबून. डोळ्यांवर हात धरून तिने मला शोधलं असतं, आणि तिचा चेहरा पुन्हा माझ्या आईचा झाला असता. जेवलीस का, पाय दुखतात का. ते सगळं मला हवंच होतं. कालपासून हवं होतं.

समिधाने तोंडाशी दोन्ही हात नेले. "काऽऽ"

मी तिचे हात धरून खाली ओढले.

"थांब," मी म्हटलं. "बसू दे तिला."